चौथं ताट

कमूला आमच्या चाळीने आधी शाप ठरवलं आणि मग देवी ठरवलं. मुलगी ठरवायचं तेवढं राहून गेलं. हे वाक्य मी तरुणपणी एका पत्रकात लिहिलं होतं आणि ते मला तेव्हा फार आवडलं होतं. आता वय झालं, पण हे वाक्य बदलावं असं अजून वाटत नाही. तेव्हा त्याच वाक्यापासून सुरुवात करते.

सोलापुरात आमचं घर गिरणीच्या मागच्या चाळीत होतं. दोन खोल्या, पुढे लांबच लांब सामाईक ओटा, ओट्याच्या टोकाला नळ. वडिलांना आम्ही आण्णा म्हणत असू. ते गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होते आणि घरी आल्यावर यंत्र बंद पडावं तसे गप्प होत. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. तिची कात्री दिवसभर करकर चालायची. पलीकडच्या गल्लीत मागांची खटखट होती, तिथल्या बायका तेलुगूत भांडायच्या आणि आमच्याशी मराठीत गोड बोलायच्या. या सगळ्यावर गिरणीचा भोंगा. घड्याळ आमच्या घरात नव्हतंच. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर चूल पेटवायची, संध्याकाळचा भोंगा झाला की ताटं घ्यायची. आण्णा घरी पोचून हातपाय धुवेपर्यंत भाकरी तव्यावरून उतरलेली असायची. उजेड असतानाच जेवायचं, म्हणजे रॉकेल वाचतं, हा आईचा नियम.

कमल, म्हणजे कमू, माझ्यापेक्षा बरीच लहान. तिचे डोळे किंचित तिरके, मान आखूड, जीभ थोडी बाहेर, तळहातावर एकच आडवी रेघ. ती काही महिन्यांची असताना आईने तिला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचा तळहात उघडून पाहिला, म्हणाले, ही मंगोल आहे, ही फार दिवस राहायची नाही, तुम्ही दुसरं मूल होऊ द्या. झालं. एवढंच वैद्यकशास्त्र आमच्या वाट्याला आलं. आज त्याला डाऊन सिंड्रोम म्हणतात, त्यासाठी शाळा आहेत, दिवस साजरे होतात. तेव्हा एक शब्द मिळाला होता, आणि तोही परक्या मुलखातल्या माणसांचा. आई घरी येताना रस्ताभर रडली नाही. घरी येऊन तिने सूप मांडीवर घेतलं आणि विड्या वळायला लागली.

बाकीचं निदान लोकांनी केलं. ग्रहणात विळी धरली होती का, असं प्रत्येक बाईने आईला विचारलं. धरली नव्हती म्हटलं तर, नीट आठव, म्हणायच्या. शेजारच्या पारूकाकू मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांच्या सुनेला दिवस गेले तेव्हा त्यांनी नळाची वेळ बदलून घेतली. पोटुशी बाई कमू दिसली की पदर ओढून भिंतीकडे तोंड करायची. मी ते पाहिलेलं आहे. चार वर्षांचं मूल ओट्यावरून हसत चाललंय आणि एक मोठी बाई त्याच्याकडे पाठ करून भिंतीला चिकटून उभी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमचं दार वगळून पुढे जायची पद्धत पडली. कुणी ठरवलं नाही, कुणी जाहीर केलं नाही, बायका फक्त आमच्या दारापाशी जरा भराभर चालायच्या. जेऊरची आत्या यायची ती दर वेळी सांगायची की हिला कुठल्या तरी देवळात नाहीतर आश्रमात सोडा, नाहीतर वच्छीचं लग्न कसं व्हायचं. वच्छी म्हणजे मी. माझ्या लग्नाची चिंता मी सोडून सगळ्यांना होती.

शाळेत मी स्वतः तिला घेऊन गेले होते. मुख्याध्यापिका फार सभ्य बाई. खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाल्या, बाकीच्या मुलांवर परिणाम होतो हो. मी विचारलं, काय परिणाम होतो, मुलं आखूड मानेची होतात काय? त्यांनी पाण्याचा पेला परत मागितला. तेव्हा मी कॉलेजात होते आणि आमचा मुलामुलींचा एक गट होता. आम्ही सायक्लोस्टाइलवर पत्रकं छापायचो, सात रस्त्याच्या चौकात उभं राहून वाटायचो, हुंड्याविरुद्ध, भाववाढीविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध. समतेवर घसा फुटेस्तोवर बोलणारी त्यातली पोरं आमच्या घरी आली की कमूकडे न बघता चहा प्यायची. एकजण मला हळूच म्हणाला होता, ती चावत वगैरे नाही ना? मी म्हटलं, ती नाही, मी चावते.

शाळेने नाही म्हटल्यावर मी घरीच तिला मोजायला शिकवायला बसले. चिंचोके घेतले, गोट्या घेतल्या, विड्यांची बंडलं घेतली. काही केल्या जमेना. मग एक दिवस ताटं घेताना जमलं. आमची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची ताटं होती, एकाला कडेला पोचा होता. भोंगा झाला की ती ताटं मांडणं हे कमूचं काम झालं. प्रत्येक ताट आपटून ठेवायची, प्रत्येकाला बोट लावून नाव घ्यायची, आण्णा, अक्का म्हणजे मी, कमू, आई, आणि मग मान वर करून म्हणायची, चार. तिथून पुढे ती गेली नाही आणि मागेही आली नाही. एक, दोन, तीन तिला नकोच होते. किती, असं काहीही विचारलं, भाकऱ्या किती, चिमण्या किती, तुझं वय किती, की उत्तर एकच. चार.

यात एक भांडण रोजचं होतं. आई आमच्याबरोबर जेवायची नाही. त्या काळच्या कुठल्या आया जेवायच्या? आमचं झालं की चुलीपाशी उकिडवं बसून, उरलेल्या कालवणात भाकरी कुस्करून ती दोन मिनिटांत उरकायची. कमूला हे मान्य नव्हतं. चौथं ताट रिकामं दिसलं की ती त्यावर बोटाने टकटक करत राहायची आणि स्वतः घास घ्यायची नाही. मग आई त्या ताटात भाकरीचा तुकडा आणि शेंगाची चटणी टाकायची, मी मागनं खाते गं, म्हणायची, आणि पुन्हा तव्याकडे वळायची. कमू तुकड्याकडे बघत नाराजीने जेवायला लागायची. आम्ही त्याला हट्ट म्हणायचो.

पारूकाकूंचे यजमान दत्तूभाऊ गिरणीत बदली कामगार होते. काम लागलं तर लागलं, नाहीतर दिवसभर ओट्यावर बसून मटक्याचा आकडा शोधायचे. तो आकडा कुठे शोधायचे नाहीत ते विचारा. स्वप्नात, कुत्र्याच्या भुंकण्यात, मेलेल्या माणसाच्या वयात. मुंबईहून रोज आकडा फुटायचा आणि गल्लोगल्ली माणसं त्यावर मजुरी लावून बसलेली असायची. एक दिवस नळावर त्यांनी कमूला गमतीने विचारलं, काय कमाबाई, आज किती? ती म्हणाली, चार. त्यांनी चौका लावला. चौका आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तूभाऊ पेढ्याचा पुडा घेऊन आमच्या दारात आले, आणि ज्या मुलीला बघून त्यांच्या सुनेने भिंतीकडे तोंड केलं होतं तिच्या पायावर त्यांनी डोकं ठेवलं. कमूने पेढा खाल्ला आणि त्यांच्या टकलावर हात फिरवला. ती कुणाच्याही डोक्यावर हात फिरवायची. दत्तूभाऊंच्या डोळ्याला धार लागली.

मग ओट्यावर रीघ लागली. रोज विचारलं की रोज चार, आणि रोज चार लावलं की दहा-बारा दिवसांत एकदा ते यायचंच, याला देवी लागत नाही, आकडेच मुळात दहा आहेत. पण आलेला दिवस लोक गावभर सांगतात, न आलेले दिवस बायकोलासुद्धा सांगत नाहीत. नाही आला तर अर्थ लावायचे. चार म्हणताना तिने डावा डोळा चोळला, म्हणजे आठ होतं. नाक ओढलं, म्हणजे मिंडी, म्हणजे शून्य. ज्या बायका भिंतीला चिकटायच्या त्या आता पोटुशा सुनांना घेऊन यायला लागल्या, मुलगा का मुलगी विचारायला. कमूचं उत्तर ठरलेलं होतं, तरी त्या समाधानाने जायच्या. काहीजण तिने दुसरा आकडा सांगावा म्हणून तिचा दंड दाबायचे. रात्री कपडे बदलताना मला दंडावर काळेनिळे डाग दिसले.

मी आईला दाखवले. आईने डागांवर तेल चोळलं, पण येणाऱ्यांना नको म्हटलं नाही. त्याचं कारण मला ठाऊक होतं आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. त्या संक्रांतीला पारूकाकू पहिल्यांदा आमच्या दारात थांबल्या. तबक घेऊन आत आल्या, आईला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, खणानारळाने ओटी भरली. त्यांच्यामागून सगळी चाळ आली. आईचे हात तंबाखूने पिवळे पडलेले, ते तिने पदराखाली लपवले होते, आणि तोंड असं झालं होतं की मला तिथे उभं राहवेना. त्या दिवशी मी तिच्याशी भांडले. म्हटलं, याच बायकांनी तुला इतकी वर्षं वाळीत टाकलं आणि तू त्यांचा नारळ घेतेस? पोरीला मटक्याचं दुकान करून टाकलंय. आईने ओटीतले तांदूळ डब्यात ओतले, डबा बंद केला, आणि म्हणाली, "तुज्या कागदांनी मला कुनी पाटावर बसवलं का वच्छे? हिच्यामुळं बसवलं. तुला भांडून ऱ्हाता येतंय सगळ्यांशी. मला न्हाय येत. मला मानसांत ऱ्हायचं हाय."

यावर मी पत्रक काढलं. मथळा होता, कमल ही देवी नाही, मुलगी आहे! खाली मुद्दे, त्याखाली गटातल्या सगळ्यांच्या सह्या, आणि नेहमीच्या शिस्तीप्रमाणे संपर्कासाठी पत्ता. पत्ता आमच्या घरचाच. सात रस्त्याला उभं राहून आम्ही ते वाटलं, एकही परत आलं नाही, आम्ही खूश. पुढच्या गुरुवारी मोहोळहून एक बैलगाडीभर माणसं उतरली, हातात आमचं पत्रक, आणि विचारत होती, ही कमलदेवी राहते ती चाळ हीच का? कुणीतरी पत्रकाखालच्या सह्या मोजून त्यावरही आकडा लावला होता, असं मला नंतर कळलं. हसावं की कपाळ बडवावं? मी दोन्ही केलं. पत्रक काढल्याचा मला पश्चात्ताप नाही. पत्ता घातला नसता तर बरं झालं असतं, इतकंच.

ही गर्दी बघून भगवानराव आले. सात रस्त्याजवळ त्यांची पानाची टपरी होती आणि टपरीच्या मागे आकडे घ्यायचा धंदा. नेसायला पांढरं धोतर, तोंडात साखर. त्यांनी आण्णांसमोर मांडणी केली. पोरीला ओट्यावर असं कुणीही येऊन छेडतं, हे देवीला शोभत नाही. टपरीमागे आपली खोली आहे, तिथे चौरंग मांडू. दर अमावास्येला बसवू. एक बाई ठेवू, ती पोरीचं सगळं बघेल, ती तिथेच राहील. तुमच्या डोक्याचा भार जाईल, थोरलीचं लग्न मार्गी लागेल आणि गावात मान राहील तो वेगळाच. आत्या म्हणत होती तेच, फक्त आश्रमाच्या जागी टपरी. मी बोलायला तोंड उघडलं तर ते हसून म्हणाले, तुमी शिकलेल्या ताई, तुमचा लेख वाचला, लई झ्याक लिहिता की. आण्णा म्हणाले, बघू. आण्णांचं बघू म्हणजे हो असायचं किंवा नाही असायचं, ते त्यांनाही माहीत नसायचं. आईने मान खाली घालून विडीला दोरा बांधला. ठरलं असं की येत्या अमावास्येला आधी आमच्याच ओट्यावर बसवून बघायचं. नीट झालं तर पुढच्या महिन्यात खोलीवर न्यायचं.

त्या दिवशी सकाळपासून कमूला फक्त दूध दिलं होतं. देवीने बसण्याआधी खायचं नसतं, हा भगवानरावांचा नियम. हिरव्या खणाचा परकर-पोलका, कपाळभर कुंकवाचा मळवट, गळ्यात झेंडूची माळ. चौरंगावर ती पाय हलवत बसली होती. कुंकू डोळ्यात जात होतं, ती मनगटाने चोळत होती, आणि प्रत्येक चोळण्याला गर्दीतून हुंकार उठत होता. दोनदा तिने आईला, भाकरी, असं म्हटलं. भगवानरावांनी हात वर करून सांगितलं, देवी भाकरी मागतीया, भाकरीचा अर्थ लावा. माणसं खरोखर लावायला लागली. आई तिच्या मागे उभी होती. मी दाराच्या चौकटीत उभी होते आणि भाषणाची जुळवाजुळव करत होते. चांगलं जळजळीत भाषण होतं. ते मला आजही पाठ आहे आणि ते मी आजतागायत कुठे केलेलं नाही.

तेवढ्यात भोंगा झाला.

कमू चौरंगावरून उतरली. लोक म्हणाले, देवी उठली, वाट द्या. वाट झाली. ती घरात गेली, फळीवरून ताटं काढली आणि छातीशी धरून बाहेर ओट्यावर आली, कारण माणसं बाहेर होती आणि आई बाहेर होती. गर्दीच्या मधोमध बसून तिने एकेक ताट आपटून मांडलं. पोचा पडलेलं शेवटी. बोट लावून नावं घेतली. माळ ताटात लोंबत होती. मग मान वर करून म्हणाली, चार.

ओट्यावर एकच गलका झाला. चौका, चौका. ताटं मांडून दाखवला, आता शंकाच नको. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. एकजण तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि तिचा दंड धरून म्हणाला, रोज चारच सांगतीस, आज दुसरा सांग की, सांग. कमूने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती आईकडे बघत चौथ्या ताटावर टकटक करत होती. गर्दीच्या कडेला आण्णा कामावरून आलेले, हातात डबा, पुढे येता येत नव्हतं.

आईने पुढे होऊन त्या माणसाचा हात कमूच्या दंडावरून काढला. तिचा आवाज कधी मोठा नसायचा, तेव्हाही नव्हता. म्हणून लोकांना गप्प व्हावं लागलं.

"आकडा न्हाय त्यो," आई म्हणाली. "ताटं हायती. आमी घरात चौघं हाय, ती आमाला मोजतीया. तिला दुसरं काय येत न्हाय. सकाळपासनं उपाशी हाय माजी लेक."

भगवानराव हसले. म्हणाले, "वैनी, देवीच्या तोंडातलं असं फोडू नये. का घरापुरतं ठेवायचं हाय सगळं?"

"देवी असती तर तुमच्या दारात बशिवली असती की," आई म्हणाली. "ही माजी हाय. उठा आता. आमाला जेवायचं हाय."

लोक लगेच उठले नाहीत. थोडा वेळ वाट बघितली, कदाचित यातही काही अर्थ असेल म्हणून. मग आण्णा वाट काढत आले, डबा खाली ठेवला, आणि चौरंग उचलून नळापाशी नेऊन ठेवला. तेव्हा पांगले. पारूकाकू जाताना तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, हातानं लक्ष्मी घालवली बया.

पुढचं सांगून टाकते. कमू खोलीवर गेली नाही. पुढच्या संक्रांतीला चाळीतल्या बायका आमच्या दारापाशी पुन्हा भराभर चालायला लागल्या, आणि या वेळी त्यांच्याकडे कारणही होतं, आईने देवी बाटवली होती. आई त्या दिवशी दार पुढे ओढून विड्या वळत बसली. पुन्हा कधी तिला कुणी पाटावर बसवलं नाही. तिने काय सोडलं ते मला कळायला फार वर्षं लागली, कारण मला भांडून राहता येत होतं. फार दिवस राहणार नाही असं डॉक्टर जिच्याबद्दल म्हणाले होते ती आईच्या मागे, आण्णांच्या मागे, केस पांढरे होईपर्यंत माझ्याजवळ राहिली. गिरणी बंद पडली, चाळ पाडली. हल्ली माझ्या फोनवर लोक फुलांची चित्रं पाठवतात, त्यावर लिहिलेलं असतं की अशी मुलं देवाची खास लेकरं असतात, देव ती खास आईबापांनाच देतो. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. त्यांना मी एवढंच विचारते की शाळेत तुमच्या नातवाच्या बाकावर बसवाल का? मग फुलं यायची थांबतात.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. आईने पदराचं टोक ओलं करून कमूचं कपाळ पुसलं. कुंकू लवकर निघेना, ती हळूहळू पुसत राहिली. मग ताटं ओट्यावरून आत घेतली आणि कमूने ती पुन्हा पहिल्यापासून मांडली. हुलग्याची आमटी होती, ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. आईने आम्हाला वाढलं आणि नेहमीसारखी चुलीकडे वळली. कमू दिवसभराची उपाशी, पण तिने भाकरीला हात लावला नाही. पोचा पडलेल्या ताटावर टकटक सुरू झाली. आई म्हणाली, मी मागनं खाते गं. टकटक थांबेना.

आण्णा आपल्या ताटाकडे बघत म्हणाले, "बस की. रोज बोलावतीया ती तुला."

आई चुलीपाशी उकिडवी बसली. तव्यावरची भाकरी तिने उलटली, फुगू दिली, उतरवली. चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग हात पदराला पुसून ती आली आणि आमच्यात, आण्णांच्या समोर, मांडी घालून बसली. तिला मांडी घालून जेवताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. तिने भाकरी मोडली, आमटीत बुडवली, घास तोंडात घातला.

कमूने वाकून तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग ती जेवायला लागली.